सागरी पक्ष्यांच्या हाडांवरून वय : अहवालातला ‘प्रौढ’ नेमका किती वर्षांचा?

शिंपला

उत्तर अटलांटिकमधल्या एका बेटावरील प्रागैतिहासिक वस्तीच्या उत्खननाचा अहवाल सध्या वाचते आहे. त्यातले मेंढ्यांच्या जबड्यांवरचे प्रकरण वाचून थक्क झाले. कोणता दात उगवला होता आणि कोणता किती झिजला होता, यावरून कोणते जनावर सहा महिन्यांचे असताना कापले आणि कोणते चार वर्षे पाळले, हे लेखकांनी अगदी शांतपणे सांगून टाकले आहे. त्यानंतर पक्ष्यांचा तक्ता येतो. गॅनेट, गिलेमॉट, ग्रेट ऑक, पाणकावळे, कुरव अशी भरगच्च यादी आहे. पण वयाच्या रकान्यात मात्र ‘प्रौढ’ आणि ‘अपरिपक्व’ हे दोनच शब्द वरपासून खालपर्यंत उतरत जातात.

माझा प्रश्न असा की, सागरी पक्ष्याच्या हाडावरून वर्षांमध्ये वय खरोखरच सांगता येत नाही, की अहवाल लिहिणाऱ्यांनी अंग राखून काम केले आहे? आणि ‘प्रौढ’ याचा अर्थ ‘अंडी घालण्याच्या वयाचा’ असा घ्यायचा का? पुढच्या प्रकरणात लेखकांनी तसाच अर्थ घेऊन जवळपास विणीची वसाहत असल्याचा निष्कर्ष काढला आहे, आणि तिथे मला शंका येते आहे.

अस्थिपेटी

अंग राखलेले नाही, एवढे आधी सांगतो. उत्खननातील प्राण्यांची हाडे तपासणे हे माझे रोजचे काम आहे आणि पक्ष्यांच्या वयाचा रकाना भरताना माझाही हात आखडतो.

मेंढी, गाय किंवा माणूस यांच्या लांब हाडांच्या टोकांना वेगळे अस्थिकेंद्र असते. मधला दांडा आणि हे टोक यांच्यामध्ये कूर्चेची चकती असते, तिथे हाड वाढत राहते आणि ठरावीक वयाला टोक दांड्याला जोडले जाते. कोणते हाड कोणत्या वयाला जोडले जाते हे माहीत असल्यामुळे आपल्याला महिन्या-वर्षांचे वेळापत्रक मिळते. पक्ष्यांच्या लांब हाडांना अशी वेगळी टोके जवळजवळ नसतातच. त्यांच्या हाडांची टोके कूर्चेचीच असतात आणि ती दांड्याकडून हळूहळू अस्थिमय होत जातात. जी जोडणी दिसते ती निराळ्या प्रकारची असते : घोट्याची छोटी हाडे टिबियाच्या (नडगीच्या हाडाच्या) खालच्या टोकाला चिकटतात आणि त्यातून टिबिओटार्सस तयार होतो, पायाच्या तळव्याची तीन लांब हाडे एकमेकांना व वरच्या टोपणाला जुळून टार्सोमेटाटार्सस होतो, आणि पंखाच्या टोकाकडे कार्पोमेटाकार्पसचेही तसेच घडते.

हे सगळे पिल्लाच्या वयाच्या काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आटोपते. एकदा सांगाडा पुरा झाला की पुढची कित्येक वर्षे हाडाच्या बाह्यरूपात वाचण्यासारखे काही बदलत नाही. त्यामुळे अहवालातल्या ‘प्रौढ’ या शब्दाचा अर्थ ‘वाढ संपलेला’ इतकाच आहे.

अर्धविराम

थोडक्यात, पक्ष्यांना दात नसल्यामुळे संशोधकांना दातओठ खात बसावे लागते.

निंबोणी

अस्थिपेटी यांच्या शेवटच्या वाक्याचा आवाका किती मोठा आहे हे समजण्यासाठी विज्डम या लेसन अल्बट्रॉस मादीचे उदाहरण पाहा. पॅसिफिकमधील मिडवे बेटावर 1956 मध्ये तिच्या पायात कडे घालण्यात आले. तेव्हा ती विणीच्या जोडीत होती, म्हणजे किमान पाच वर्षांची असणार, असा अंदाज होता. हीच मादी 2024 मध्येही मिडवेवर अंडे घालताना दिसली. उद्या तिचा सांगाडा एखाद्या उकिरड्याच्या स्तरात गाडला गेला आणि हजार वर्षांनी कोणाच्या हाती लागला, तर तिच्या दंडाच्या हाडासमोर आणि दोन वर्षांच्या एखाद्या अल्बट्रॉसच्या हाडासमोर वयाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला जाईल.

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातल्या आयनहॅलो बेटावर जॉर्ज डनेट यांनी 1950 मध्ये फुलमार पक्ष्यांचा अभ्यास सुरू केला. त्यांची दोन छायाचित्रे पक्षी अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहेत. एक 1951 मधले, दुसरे 1986 मधले, आणि दोन्हींत हातात तोच फुलमार. पस्तीस वर्षांत माणूस म्हातारा झालेला स्पष्ट दिसतो, पक्ष्यात मात्र काडीचा फरक दिसत नाही.

शिंपला

म्हणजे रकाना भरणाऱ्यांवर मी उगाच आळ घेतला, तो मागे घेते. पण मग उलट बाजूने विचारते. सांगाडा आठवड्यांत पुरा होत असेल, तर निदान पिल्लांचे वय आठवड्यांत सांगता यायला हवे. ‘अपरिपक्व’ या एकाच शब्दात घरट्यातले पिल्लू आणि उडायला निघालेले पिल्लू असे दोन्ही का कोंबतात?

अस्थिपेटी

या प्रश्नाचे उत्तर हाड हातात घेऊनच देता येईल, म्हणून माझ्या टेबलावर काय दिसते ते सांगतो.

पूर्ण वाढलेल्या गॅनेटचे दंडाचे हाड गुळगुळीत, ताणलेले आणि हस्तिदंतासारखे वाटते. त्याच पक्ष्याच्या साधारण महिन्याभराच्या पिल्लाचे हाड म्हणजे दोन्ही तोंडांना बोथट झालेली नळी. खांद्याचा गोल माथा आणि कोपराच्या उंचवट्यांचा आकार कूर्चेत होता आणि कूर्चा मातीत केव्हाच नाहीशी झाली, म्हणून सांध्याची ओळखच पुसलेली असते. पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने बारीक चिरा आणि टाचणीने टोचावीत तशी भोके दिसतात. ही वाढत्या हाडातील रक्तवाहिन्यांची तोंडे होत. वाढ मंदावू लागली की मधल्या दांड्यावरची भोके आधी बुजतात आणि टोकांकडची सर्वांत शेवटी. वाढ पूर्ण थांबल्यावर सर्वांत बाहेर हाडाचा एक दाट, जवळपास रक्तवाहिन्या नसलेला पातळ थर बसतो. आडवा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर तो थर स्पष्ट दिसतो आणि तो दिसला म्हणजे वाढ संपली हे नक्की.

त्यामुळे तत्त्वतः पायऱ्या पाडता येतात : सगळे हाड सच्छिद्र, फक्त टोके सच्छिद्र, टोके घडलेली पण जोड अजून दिसतो आहे, आणि पुरे. अनेक प्रयोगशाळा तशा नोंदी ठेवतातही. पण छापील तक्त्यात पोहोचेपर्यंत जागा वाचवण्यासाठी पहिल्या तीन पायऱ्या एका शब्दात गुंडाळल्या जातात, आणि ही सवय चुकीची आहे असे माझेही मत आहे.

एक कबुली देतो. सुरुवातीच्या काळात मी एका खोक्यातील सात-आठ हाडे ‘अपरिपक्व’ म्हणून बाजूला काढली होती. माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी त्यांपैकी एक उचलले, भिंगाखाली धरले आणि फक्त एवढेच विचारले की, भोके एकाच बाजूला कशी? ते हाड आम्ल मातीत एका कुशीवर पडून झिजले होते. रक्तवाहिन्यांची भोके दांड्याच्या सगळ्या अंगाने असतात, तर झीज बहुधा एका कुशीला असते. माझ्या ‘पिल्लां’पैकी अर्धी त्या दुपारी एका झटक्यात मोठी झाली.

पाणकोळी

वरच्या प्रतिसादाला एक जोड देतो. सगळी हाडे एका वेगाने वाढत नाहीत, आणि कोणते आधी वाढते हे त्या पिल्लाच्या जगण्यावर ठरते. कुरवाची पिल्ले काही दिवसांतच घरट्याच्या आसपास हिंडू लागतात, म्हणून त्यांचे पाय लवकर तयार होतात आणि पंख मागाहून. गिलेमॉटमध्ये तर हा फरक फारच ठळक असतो, कारण साधारण तीन आठवड्यांचे पिल्लू उडता येत नसतानाच कड्यावरून खाली उडी टाकते आणि बापाच्या सोबतीने समुद्रात पोहत निघून जाते. त्या दिवशी त्याचे पाय कामाला आलेले असतात आणि पंखाची हाडे अजून आखूडच असतात. म्हणून एकटे टार्सोमेटाटार्सस पाहून ‘प्रौढ’ आणि शेजारीच सापडलेले अल्ना (पंखातले, कोपरापुढचे हाड) पाहून ‘पिल्लू’ असे दोन निर्णय एकाच पक्ष्याबद्दल दिले जाऊ शकतात.

पेंग्विनच्या बाबतीत आणखी एक चकवा आहे. त्यांच्या टार्सोमेटाटार्ससमधील तीन हाडांमधल्या खाचा पूर्ण वाढ झाल्यावरही स्पष्ट दिसत राहतात. इतर पक्ष्यांची सवय झालेला माणूस म्हाताऱ्या पेंग्विनलाही सहज बाळ ठरवू शकतो.

सातवीण

शिंपला यांनी विचारलेल्या आठवड्यांच्या हिशेबाचा फायदा कुठे होतो ते सांगते. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला बास सामुद्रधुनीतील बेटांवर आखूड शेपटीचे शिअरवॉटर बिळांमध्ये वीण करतात. त्यांचे अंडी घालणे कमालीचे एकसाथ होते. नोव्हेंबरच्या अखेरच्या दहाएक दिवसांत बहुतेक सगळी अंडी घातली जातात. उबवणीला सुमारे 53 दिवस लागतात आणि पिल्लू त्यानंतर साधारण तीन महिन्यांनी उडते.

आता एखाद्या वस्तीच्या थरात या पक्ष्याच्या सुमारे नऊ आठवड्यांच्या पिल्लाची हाडे सापडली असे धरा. 25 नोव्हेंबरला अंडे, 17 जानेवारीच्या सुमारास पिल्लू बाहेर, आणि त्यात 63 दिवस मिळवले की आपण 21 मार्चच्या आसपास येतो. चार-पाच दिवस इकडेतिकडे झाले तरी त्या बेटावर माणसे मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात होती एवढे म्हणता येते. मेंढीच्या जबड्यावरून इतका नेमका ऋतू सांगायचा, तर आधी कोकरे कोणत्या महिन्यात जन्मत होती हे गृहीत धरावे लागते. वर्षांच्या बाबतीत मुका असलेला हा सांगाडा आठवड्यांच्या बाबतीत असा बोलका आहे.

कांटेकोर

सातवीण यांचे गणित देखणे आहे, पण त्यातली ‘सुमारे नऊ आठवड्यांची हाडे’ कोणी ठरवली? त्यासाठी वय माहीत असलेल्या पिल्लांचे सांगाडे समोर हवेत. संग्रहालयांनी परंपरेने पूर्ण वाढलेले पक्षी जमवले. पाच दिवसांचे, दहा दिवसांचे, वीस दिवसांचे अशी एकाच जातीच्या पिल्लांची सलग मालिका फार थोड्या ठिकाणी मिळते.

दुसरे म्हणजे पिल्लाची वाढ घड्याळाप्रमाणे होत नाही. ज्या वर्षी मासळी कमी असते त्या वर्षी पफिनचे पिल्लू नेहमीच्या सहा आठवड्यांऐवजी कित्येक दिवस जास्त बिळात राहते. उपाशी वर्षातले आठ आठवड्यांचे पिल्लू सुकाळातल्या सहा आठवड्यांच्या पिल्लासारखे दिसले, तर तुमचा मार्च पंधरा दिवसांनी सरकतो आणि ते तुम्हाला कळतही नाही.

सातवीण

आक्षेप मान्य आहे. म्हणूनच मी पंधरवडा म्हटले, तारीख नाही. शिवाय तुमची चूक एकाच दिशेने जाते हेही लक्षात घ्या. उपासमार पिल्लाला लहान दाखवते, मोठे दाखवत नाही. म्हणजे माणसे तिथे ‘किमान अमुक दिवसापर्यंत होती’ हे विधान तरीही टिकते.

कांटेकोर

हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. मान्य.

अर्धविराम

कांटेकोर यांनी ‘मान्य’ लिहिले! या धाग्याचा हा थर जपून ठेवावा, पुढच्या पिढ्यांना कालनिर्णयासाठी उपयोगी पडेल.

दर्यावर्दी

मला या सगळ्यात एक वेगळीच अडचण दिसते आणि ती शिंपला यांच्या अहवालाला थेट लागू आहे. माणसाने सागरी पक्ष्यांची पिल्ले कोणत्या वयाला धरली, याचा विचार करा.

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डाचे लोक 29 ऑगस्ट 1930 रोजी बेट कायमचे सोडून गेले, तोपर्यंत त्यांचे पोट मोठ्या प्रमाणात गॅनेट, फुलमार आणि पफिन यांच्यावर चालत होते. फुलमारच्या पिल्लांची मोठी धरपकड ऑगस्टच्या मध्याला, पिल्ले उडून जाण्याच्या अगदी तोंडावर होत असे. लुईस बेटावरील नेस भागातले लोक आजही परवान्याने सुला स्गेर या खडकाळ बेटावर जाऊन गॅनेटची पिल्ले आणतात, त्यांना ते ‘गुगा’ म्हणतात. तीही अशीच भरलेली, उडण्याच्या बेताला आलेली. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाच्या बेटांवर राकिउरा माओरी लोक 1 एप्रिल ते 31 मे या काळात काळपट शिअरवॉटरची पिल्ले धरतात, तिथेही हेच गणित आहे. कारण सरळ आहे. या पक्ष्यांची पिल्ले उडण्यापूर्वी काही दिवस आईबापांपेक्षाही वजनदार होतात आणि ते वजन चरबीचे असते. धरायला सोपी, खायला पुरेशी, आणि आईबाप पुढच्या वर्षी पुन्हा वीण करायला मोकळे.

आता अस्थिपेटी यांच्या पायऱ्यांशी हे ताडून पाहा. नेमक्या त्याच वयाला हाडांची लांबी पुरी झालेली असते, दांडा गुळगुळीत झालेला असतो आणि फक्त टोकाशी थोडी सच्छिद्रता उरलेली असते. ते टोक कुत्र्याने चावले किंवा मातीत झिजले की उरलेला दांडा ‘प्रौढ’ या रकान्यात जाऊन बसतो. म्हणजे माणसाची सर्वांत जास्त पसंती ज्या वयाला होती, तेच वय हाडांमध्ये सर्वांत अवघड ठरते.

त्यात भर म्हणून, सुला स्गेरवर गुगाचे डोके आणि पंख तिथेच तोडून टाकतात आणि खारवलेले धड गावात आणतात. म्हणून वस्तीच्या उकिरड्यात पंखाची हाडे नसली तर पक्षी तिथे खाल्लेच नाहीत असे मानू नये, आणि दंडाच्या हाडांवरून काढलेले वयाचे प्रमाण सगळ्या शिकारीला लावू नये.

निंबोणी

दर्यावर्दी, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून यायला हवा. लहान पिल्लांची हाडे आधीच ठिसूळ असतात आणि मोठ्या भोकांच्या चाळणीतून निसटूनही जातात. म्हणजे तक्त्यातून पिल्ले दोन्ही टोकांनी गळतात : फार लहान होती ती मातीत विरली आणि मोठी होती ती प्रौढांत गणली गेली.

शिंपला

मग माझ्या मूळ शंकेकडे येते. लेखकांनी गिलेमॉटची काही अपरिपक्व हाडे आणि पुष्कळ प्रौढ हाडे मिळून ‘जवळच विणीची वसाहत होती’ असे लिहिले आहे. पाणकोळी यांनी सांगितलेली कड्यावरची उडी लक्षात घेतली तर हे टिकते का?

पाणकोळी

गिलेमॉटपुरते मला ते टिकत नाही असे वाटते. तीन आठवड्यांनी कडा सोडलेले पिल्लू वाढ अर्धवट असतानाच समुद्रावर असते. वसाहतीपासून बरेच दूर वाहत गेलेले, वादळाने किनाऱ्याला लागलेले किंवा होडीतून धरलेले पिल्लूही हाडांवरून ‘अपरिपक्व’च दिसेल. गॅनेट किंवा शिअरवॉटरचे अर्धवट वाढलेले हाड मात्र निराळे बोलते. गॅनेटचे पिल्लू साधारण 13 आठवडे घरट्यातच असते आणि निघते तेव्हा आकाराने पूर्ण असते, म्हणून त्याचे खरोखर अर्धवट हाड वस्तीत आले तर ते कोणीतरी वसाहतीतून उचलून आणले असणार.

अस्थिपेटी

पाणकोळी यांच्याशी बहुतांशी सहमत आहे, पण गिलेमॉटचा पुरावा अगदीच टाकून देऊ नये. त्यांच्या वयाच्या पायऱ्या वेगळ्या छापल्या असत्या आणि त्यात आठ-दहा दिवसांच्या पिल्लाचे एखादे जरी हाड निघाले असते, तर ते कड्यावरूनच आले हे निर्विवाद ठरले असते. हीच माझी तक्रार आहे. एका शब्दात सगळे गुंडाळल्यामुळे जो पुरावा हातात होता तोही वाया गेला.

आणि माणसानेच आणले का, हेही पाहावे लागते. ऑर्कनीतील इस्बिस्टरच्या थडग्यात सापडलेल्या समुद्री गरुडांच्या हाडांचा थडग्याशी संबंध फार काळ गृहीत धरला गेला होता. कालमापनानंतर ती हाडे थडगे बांधल्यानंतर कित्येक शतकांनी तिथे आली हे समजले. बिळात राहणारे पफिन आणि शिअरवॉटर तर जुन्या उकिरड्यांत स्वतःच बीळ पाडून तिथेच मरतात. अशा वेळी पिल्लाची हाडे सुटी आणि कापल्याच्या खुणा असलेली आहेत, की एकाच जागी सबंध सांगाडा आहे, ते आधी बघावे.

सातवीण

वसाहतीचा प्रश्न किती मोलाचा आहे त्याचे एक उदाहरण देते. ब्रिटिश बेटांमध्ये फुलमार शतकानुशतके फक्त सेंट किल्डावर वीण करत होता, आणि 1878 मध्ये फौला बेटावर त्याने घरटी केल्यापासून तो सगळीकडे पसरत गेला. म्हणून इतरत्र प्राचीन थरांत सापडलेली फुलमारची प्रौढ हाडे काहीच ठरवत नाहीत, कारण हा पक्षी समुद्रावर दूरदूर भटकतो. पण सेंट किल्डाबाहेर, जुन्या आणि न बिघडलेल्या थरात फुलमारच्या लहान पिल्लाचे एक नीट ओळखलेले हाड मिळाले, तर त्या जागेच्या आसपास पूर्वी वीण होत होती असा अर्थ निघेल. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा भार एका सच्छिद्र नळीवर येऊन पडतो.

कांटेकोर

‘नीट ओळखलेले’ या शब्दांवर माझा जोर. सांध्याचा आकार नसलेली नळी जातीपर्यंत ओळखणे हेच मोठे दिव्य आहे. गॅनेटच्या लहान पिल्लाचे हाड लांबीने पूर्ण वाढलेल्या एखाद्या लहान पक्ष्याइतके असू शकते, त्यामुळे आधी जात चुकते आणि मग वयही.

चकोर७

मी या क्षेत्रातली नाही, फक्त वाचते आहे. झाडांच्या खोडासारखी हाडात वर्षाची वलये नसतात का? डायनोसॉरच्या हाडांत असतात असे वाचले होते.

निंबोणी

चकोर, प्रश्न अगदी योग्य आहे. वलये तेव्हा पडतात जेव्हा वाढ अनेक वर्षे चालते आणि दर वर्षी थोडी थांबते. न्यूझीलंडच्या नामशेष झालेल्या मोआ पक्ष्यांच्या हाडांत अशा खुणा 2005 मध्ये दाखवण्यात आल्या, कारण मोआ वर्षानुवर्षे वाढत असत. सागरी पक्ष्याची वाढ पहिल्याच वर्षी उरकते. भटक्या अल्बट्रॉसचे पिल्लू तब्बल नऊ महिने घरट्यावर बसते, पण तेही वर्षाच्या आतच झाले. वाढच संपली तर वलय कशात पडणार?

तरी प्रयत्न झाले. 1992 मध्ये ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात क्लॉम्प आणि फर्नेस यांनी हाडाच्या आतल्या अंगाचे, मज्जापोकळीकडचे थर मोजून पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांचे वय सांगता येईल असे मांडले. वर्षांमध्ये वय मिळणार म्हटल्यावर पुरातत्त्वातल्या लोकांनी कान टवकारले. पुढे 2002 मध्ये वय माहीत असलेल्या दोन शेंड्यांच्या पाणकावळ्यांवर ही पद्धत तपासली गेली आणि थरांची संख्या व वय यांचा भरवशाचा मेळ बसला नाही. तेव्हापासून ती पद्धत सावधपणेच घेतली जाते.

अर्धविराम

पफिनच्या चोचीवर मात्र वयाप्रमाणे खाचा वाढतात असे ऐकले आहे. मग सगळेच पफिन खावेत, प्रश्न मिटला!

पाणकोळी

खाचा पाचेक वर्षांपर्यंत वाढतात हे खरे आहे. पण त्या चोचीच्या रंगीत शृंगी आवरणावर असतात. त्याची बरीचशी पत्रे पक्षी दर शरदात स्वतःच गाळून टाकतो आणि उरलेले माती खाते. उत्खननात हाती येते ते खालचे गुळगुळीत हाड. पफिन आपला जन्मदाखला दरवर्षी अर्धा फाडतो म्हणा ना.

अस्थिपेटी

वर्षांच्या दिशेने जाणारी एक वाट अजून कोणी सांगितली नाही, आणि ती मला फार आवडते.

मादी अंडे घालण्याच्या बेतात आली की इस्ट्रोजेनच्या प्रभावाने तिच्या लांब हाडांच्या पोकळीत एक तात्पुरते हाड साठते. कवचासाठी लागणाऱ्या कॅल्शियमचा तो साठा असतो. कबुतरांमध्ये याचे वर्णन 1934 मध्ये झाले, आणि 2005 मध्ये टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडातही तसाच उतींचा थर असल्याचा दावा झाल्यावर हा विषय एकदम वर्तमानपत्रांत पोहोचला. त्याला आम्ही मेड्युलरी बोन म्हणतो. आधीच मोडलेले टिबिओटार्सस किंवा मांडीचे हाड विजेरीसमोर धरून आत डोकावले तर पोकळीच्या भिंतीला चिकटलेला पांढुरका, भुसभुशीत, रव्यासारखा थर दिसतो. मातीतून आलेले क्षारही तसेच दिसू शकतात, म्हणून खात्रीसाठी छेद घ्यावा लागतो.

आता गंमत पाहा. हा थर दिसला तर ती मादी होती आणि अंडी घालण्याच्या हंगामात मेली, हे तर कळतेच. पण त्याबरोबर वयाची खालची मर्यादाही हाती येते. गॅनेट, पफिन आणि गिलेमॉट साधारण पाचव्या वर्षाच्या सुमारास प्रथम वीण करतात आणि फुलमार तर नऊ वर्षांच्या आसपास. म्हणजे फुलमारच्या हाडात हा थर असेल तर ‘वाढ संपलेली’ एवढेच न म्हणता ‘बहुधा सात-आठ वर्षे तरी जगलेली’ असे म्हणता येते. सागरी पक्ष्याच्या सांगाड्यातून वर्षांचा आकडा निघण्याची मला ठाऊक असलेली ही सर्वांत भरवशाची जागा आहे, आणि ती हाडाच्या बाहेर नसून आत आहे.

कांटेकोर

पण नसला तर काहीच सिद्ध होत नाही, हे मोठ्या अक्षरांत लिहायला हवे. कोंबडी वर्षाचा बराच काळ अंडी घालते, म्हणून तिच्यात हा थर वरचेवर सापडतो. यातले बरेचसे सागरी पक्षी वर्षाला एकच अंडे घालतात आणि त्यानंतर तो थर थोड्या काळात विरून जातो. नर, अविवाहित मादी आणि अंडे घालून मोकळी झालेली मादी या तिघांची हाडे आतून सारखीच रिकामी.

अर्धविराम

‘अविवाहित मादी’ हा शब्दप्रयोग शास्त्रीय नियतकालिकात चालतो का?

कांटेकोर

चालत नाही. ‘त्या वर्षी वीण न करणारी’ असे वाचावे.

दर्यावर्दी

आखूड शेपटीच्या शिअरवॉटरमध्ये जिवंत पक्ष्याच्या रक्तातील डीएनएवरील मिथाइल खुणा (वयानुसार बदलणाऱ्या रासायनिक खुणा) मोजून वयाचा अंदाज बांधण्याचे काम अलीकडे प्रसिद्ध झाले आहे. ज्यांना पिल्लू असतानाच कडे घातले होते असे पक्षी हाताशी असल्यामुळे ते शक्य झाले. ताज्या रक्तावर बसवलेली पद्धत हजारो वर्षे मातीत राहिलेल्या हाडाला जशीच्या तशी लागू पडणार नाही, हे उघड आहे. पण कड्याचे महत्त्व त्यातून पुन्हा दिसते. डिसेंबर 1999 मध्ये ‘एरिका’ हे तेलवाहू जहाज ब्रिटनीच्या किनाऱ्याजवळ बुडाले आणि हजारो गिलेमॉट तेलात माखून मेले. अशा दुर्दैवी प्रसंगी पायात कडे असलेला एखादा पक्षी मिळाला की वय माहीत असलेला सांगाडा संग्रहाला मिळतो. कांटेकोर यांनी मागितलेली मालिका अशाच मृत्यूंमधून हळूहळू जमते.

शिंपला

सर्वांचे आभार. आज अहवालाचे परिशिष्ट शोधून काढले, मुख्य तक्त्याच्या मागे ते पन्नास पाने दडलेले होते. गिलेमॉटच्या अपरिपक्व हाडांपुढे टिपण आहे : सगळी पंखाची, दांडा गुळगुळीत, टोके सच्छिद्र. पायाचे एकही हाड त्या गटात नाही. पाणकोळी यांच्या हिशेबाने ही पिल्ले कडा सोडून बरेच आठवडे झालेली असणार, असे मी समजते. गॅनेटचे मात्र एक टार्सोमेटाटार्सस आहे आणि त्यापुढे ‘तीन हाडे अजून सुटी’ असे लिहिले आहे. ते त्यांनी निष्कर्षात वापरलेलेच नाही!

पाणकोळी

गिलेमॉटबद्दल बरोबर समजलात. आणि गॅनेटचे पायाचे हाड सुटे असेल तर ते पिल्लू घरट्यातलेच होते. वसाहत जवळ होती हा त्यांचा निष्कर्ष कदाचित खरा असेल, फक्त त्यांनी साक्षीदार चुकीचा बोलावला.

अस्थिपेटी

शिंपलाताई, त्या गॅनेटच्या हाडावर कापल्याची खूण नोंदवली आहे का ते पाहून सांगा. आणि थराचा क्रमांक शक्यतो पूर्ण द्या, त्याच थरातली इतर हाडे मलाही पाहायची आहेत.